डेन्मार्कमधले मेडिस्टर : पहिल्या खरेदीपासून पहिल्या ताटापर्यंत

डेन्मार्कमध्ये नव्याने आलेल्या माणसाची सॉसेजशी पहिली भेट बहुधा रस्त्यावर होते. स्टेशनाबाहेर किंवा चौकात उभ्या असलेल्या गाडीवर लालभडक, लांब आणि बारीक सॉसेज पावात घालून मिळते, आणि हेच डेन्मार्कचे सॉसेज असा आपला समज होतो. कोपनहेगनच्या रस्त्यांवर अशा गाड्या १९२१ पासून आहेत, त्यामुळे तो समज अगदीच निराधार नाही. पण हिवाळ्यातल्या संध्याकाळी डॅनिश घरात शिरल्यावर लवंग आणि तळलेल्या कांद्याचा जो वास येतो, तो या लाल सॉसेजचा नव्हे. तो मेडिस्टर नावाच्या घरगुती सॉसेजचा असतो. मी ओडेन्स शहरात राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मेडिस्टर विकत आणले, चुकीच्या पद्धतीने शिजवले, आणि बाहेरून काळे तर आतून कच्चे राहिलेले ते सगळे सॉसेज टाकून द्यावे लागले. पुढे शेजारच्या आजींनी त्यांच्या स्वयंपाकघरात शेजारी उभे करून मला ते शिकवले. त्यांच्याकडून जे शिकलो आणि नंतरच्या वर्षांत जे स्वतः करून पाहिले, ते नव्याने येणाऱ्यांसाठी येथे क्रमाने लिहीत आहे.

१. आधी ओळख करून घ्या

मेडिस्टर म्हणजे डुकराच्या मांसाचा खिमा, चरबी, कांदा, मीठ, मिरी, लवंग आणि ऑलस्पाइस यांचे मिश्रण आतड्यात भरून केलेले ताजे, जाडसर सॉसेज. ऑलस्पाइस हा मसाला आपल्याकडे घरोघरी वापरला जात नाही. मिरीपेक्षा थोडे मोठे, तपकिरी रंगाचे हे दाणे कुटले की लवंग, दालचिनी आणि जायफळ एकत्र केल्यासारखा वास येतो. डॅनिशमध्ये त्याला ‘आलेहॉने’ म्हणतात, आणि मेडिस्टरची ओळख खरे तर या एका मसाल्यावर उभी आहे.

‘ताजे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. गोव्याचे चोरीस ज्यांनी खाल्ले आहेत त्यांच्या मनात सॉसेज म्हणजे व्हिनेगर आणि मिरचीत मुरवलेला, वाळवलेला, बरेच दिवस टिकणारा पदार्थ असतो. मेडिस्टर तसे नाही. ते मुरवलेले नसते, वाळवलेले नसते आणि बहुतेक वेळा धुरावरचेही नसते. ते कच्च्या खिम्याइतकेच नाजूक असते आणि त्याला तशीच काळजी लागते.

हा पदार्थ डेन्मार्कमध्ये सोळाव्या शतकापासून माहीत आहे. नावातला ‘इस्टर’ हा भाग चरबीचा वाचक आहे, आणि त्यावरून या सॉसेजचा जन्म कोणत्या गरजेतून झाला ते कळते. जुन्या डॅनिश दिनदर्शिकेत नोव्हेंबरला कत्तलीचा महिना असे नाव होते. थंडी पडली, चारा संपत आला की घरचे डुक्कर कापले जाई, आणि मोठे तुकडे खारवून ठेवल्यावर उरलेले मांस आणि चरबी लगेच वापरावी लागे. त्यातून कत्तलीनंतरच्या दिवसांत मेडिस्टर होई, आणि नाताळ जवळच असल्यामुळे ते नाताळच्या ताटातही आले. पुढे १८८७ मध्ये हॉर्सेन्स येथे शेतकऱ्यांनी देशातला पहिला सहकारी कत्तलखाना उभारला आणि डुकराचे मांस हा डेन्मार्कचा मोठा निर्यात व्यवसाय झाला. सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात वाढलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट समजायला वेळ लागणार नाही : माल शेतकऱ्याचा, कारखानाही शेतकऱ्याचाच.

२. पाकिटावरचे शब्द वाचायला शिका

ही पायरी कोणीही टाळू नये. डॅनिश पाकिटावरचा मजकूर पहिल्या दिवसांत डोळ्यांना परका वाटतो, पण सहा-सात शब्द ओळखता आले की काम होते.

‘स्वीनेकोड’ आणि ‘ग्रीसेकोड’ या दोन्ही शब्दांचा अर्थ डुकराचे मांस असाच आहे. पहिला जुना, दुसरा अलीकडे दुकानांनी अधिक वापरायला घेतलेला. दोन्ही शब्दांत ओमधून तिरपी रेघ गेलेले अक्षर दिसेल. ‘ओक्से’ म्हणजे गोमांस, ‘कॅल्व’ म्हणजे वासराचे मांस आणि ‘क्यूलिंग’ म्हणजे कोंबडी. काही दुकानांत कोंबडीचे किंवा वासराचे मेडिस्टरही मिळते.

ज्यांना डुकराचे मांस वर्ज्य आहे त्यांच्यासाठी सर्वांत मोठा सापळा येथेच आहे. पाकिटावर ठळक अक्षरांत कोंबडी असे लिहिलेले असले तरी बाहेरचे आवरण डुकराच्या आतड्याचे असू शकते. त्यासाठी मागच्या बाजूच्या बारीक यादीत ‘स्वीनेटार्म’ हा शब्द आहे का ते पाहावे. ‘टार्म’ म्हणजे आतडे. ‘फॉरेटार्म’ असेल तर ते मेंढीचे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने कित्येक महिने कोंबडीचे म्हणून जे सॉसेज खाल्ले, त्याचे आवरण डुकराचे असल्याचे त्यांना फार उशिरा समजले, आणि त्याचे त्यांना झालेले दुःख मी पाहिले आहे. शंका असेल तर विचारावे. येथे असे विचारण्याचे कोणालाही वावगे वाटत नाही.

त्यानंतर पदार्थ कच्चा आहे की शिजवलेला ते पाहावे. ‘रॉ’ म्हणजे कच्चा, ‘कोग्ट’ म्हणजे उकडलेला. मेडिस्टर दोन्ही प्रकारांत मिळते आणि काचेच्या कपाटात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात. कच्चे फिकट गुलाबी आणि लिबलिबीत असते, उकडलेले राखाडी आणि घट्ट. ‘गेनेमस्टायेस’ असा शब्द दिसला तर पदार्थ आतपर्यंत पूर्ण शिजवणे आवश्यक आहे, अशी ती सूचना आहे.

तारखेचेही दोन प्रकार आहेत. ‘बेस्ट फोर’ ही चवीची तारीख आहे, ती उलटून गेली तरी पदार्थ वास घेऊन, पाहून वापरता येतो. ‘सिस्टे’ने सुरू होणारी तारीख मात्र शेवटची असते, आणि कच्च्या मेडिस्टरवर तीच असते. ती उलटली की पदार्थ वापरू नये.

३. कुठून, किती आणि कधी घ्यावे

नेटो, रेमा १०००, फोटेक्स, बिल्का अशा कोणत्याही मोठ्या दुकानात मेडिस्टर मिळते. रोजच्या जेवणाला ते पुरेसे चांगले असते. मात्र पहिल्यांदा खाणाऱ्याने शक्य असेल तर खाटकाच्या दुकानातूनच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे ते वेटोळे करून ठेवलेले असते, हवे तेवढे कापून मिळते आणि खिमा थोडा जाडसर असल्यामुळे चावताना मांस लागते. कारखान्यातल्या पाकिटात बारीक दळलेल्या मिश्रणाचा एकसारखा लगदा होतो आणि मसाला दबून जातो.

दुकानात शिरल्यावर दाराजवळ नंबराचे यंत्र दिसले तर आधी चिठ्ठी काढावी. चिठ्ठी न काढता नुसते काचेसमोर उभे राहिल्यास आपला क्रमांक येतच नाही. पाळी आली की ‘एट हॅल्ट किलो मेडिस्टर, टाक’ एवढे म्हणावे, म्हणजे अर्धा किलो मिळेल. माणशी दीडशे ते दोनशे ग्रॅम पुरते, त्यामुळे तीन जणांना अर्धा किलो योग्य.

नाताळात वेळ सांभाळावी. २४ डिसेंबरला मोठी दुकाने दुपारी तीनला बंद होतात आणि पुढचे दोन दिवस उघडत नाहीत. खाटकाकडे तर नाताळाची मागणी आठवडाभर आधी नोंदवून ठेवलेली बरी.

४. लागणारी साधने

– जाड बुडाचा पसरट तवा, शक्यतो लोखंडी किंवा बिडाचा
– वेटोळे मावेल असे रुंद पातेले
– मांसात खुपसून तापमान पाहण्याचा थर्मामीटर
– बारीक सुई किंवा टूथपिक
– मोजमापाचा कप, ज्यावर डेसिलिटरच्या खुणा आहेत

शेवटच्या वस्तूबद्दल थोडे सांगतो. डॅनिश पाककृतींत कप किंवा मिलिलिटर नसतात, डेसिलिटर असतात. एक डेसिलिटर म्हणजे १०० मिलिलिटर. हे माहीत नसल्यामुळे पहिल्या काही महिन्यांत माझ्या सगळ्या रस्सेदार पदार्थांचे प्रमाण बिघडत होते.

५. शिजवणे : संथ आच हेच सगळे

मेडिस्टर दोन रीतींनी शिजवतात. एकीत ते कच्चेच तव्यावर परततात, दुसरीत आधी पाण्यात शिजवून मग परततात. नवख्याने दुसरी रीत धरावी. तिच्यात फसण्याची शक्यता कमी असते आणि सॉससाठी चवदार पाणीही हाती येते.

वेटोळे पातेल्यात ठेवून ते बुडेल एवढे थंड पाणी घालावे, त्यात थोडे मीठ, एक तमालपत्र आणि पाच-सहा मिरीदाणे टाकावेत. पाणी गरम नव्हे, थंडच घ्यावे. गरम पाण्यात टाकताच बाहेरचे आवरण आखडते आणि आतले मिश्रण फुगू लागल्यावर ते फाटते. आच मध्यम ठेवून पाणी हळूहळू तापू द्यावे. तळातून बुडबुडे यायला लागले आणि पाणी हलू लागले, पण उसळले नाही, की आच कमी करून दहा ते पंधरा मिनिटे तसेच ठेवावे. खळखळून उकळू देऊ नये.

येथे आपल्या सवयीची एक अडचण येते. आपण गॅसवर स्वयंपाक केलेला असतो, ज्योत कमी केली की उष्णता तत्क्षणी कमी होते. डॅनिश घरांतल्या विजेच्या शेगडीचे असे नाही. जुन्या प्रकारच्या शेगडीची तबकडी बटण फिरवल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. म्हणून उकळी येण्याआधीच आच कमी करावी, नाहीतर पातेले बाजूला सरकवावे. माझे पहिले मेडिस्टर बिघडले ते याच कारणाने.

शिजलेले सॉसेज बाहेर काढून स्वच्छ फडक्याने पूर्ण कोरडे करावे, आणि ते पाणी टाकून देऊ नये. तव्यात चमचाभर लोणी घालावे, त्याचा फेस बसला की सॉसेज ठेवावे आणि मध्यम मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तांबूस करावे. वेटोळे अखंड ठेवायचे असेल तर उलटताना वर ताटली धरून, सगळे ताटलीवर घेऊन मग पुन्हा तव्यात सरकवावे. आजी नेमके असेच करत. उलटल्यावर त्या काट्याची पाठ सॉसेजवर अलगद दाबून पाहत. ते खाली दबून राहिले तर अजून वेळ आहे, दाबून पुन्हा वर आले तर झाले. त्यांच्या बोटांना साठ वर्षांची सवय होती. आपण थर्मामीटर वापरावा. खिमा केलेले मांस मध्यभागी ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापावे, असा डॅनिश अन्न प्रशासनाचा सल्ला आहे. अखंड मांसाच्या तुकड्यात जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात, खिम्यात मात्र ते आतपर्यंत मिसळले जातात. त्यामुळे मधला भाग गुलाबी राहिला तरी चालेल, असे येथे म्हणता येत नाही.

कच्चे सॉसेज थेट तव्यावर परतायचे असेल तर सुईने दोन-चार ठिकाणी बारीक टोचावे, म्हणजे वाफ बाहेर पडते. काट्याने भोके पाडू नयेत. त्यांतून रस वाहून जातो आणि आत कोरडा भुसा उरतो. या रीतीला प्रत्येक बाजूला साधारण दहा मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ तव्याजवळून हलता येत नाही.

तव्यातली चरबी हा पुढच्या पदार्थाचा आधार आहे. त्यात दोन मोठे चमचे मैदा घालून तो तांबूस होईपर्यंत परतावा, मग बाजूला ठेवलेले शिजवणीचे पाणी चार डेसिलिटर थोडे थोडे करून ढवळत घालावे. गुठळ्या मोडल्या की थोडी साय किंवा क्रीम, मीठ आणि चमचाभर लाल करंटची (लहान, आंबट लाल फळांची) जेली घालून पाच मिनिटे उकळावे. हा ‘ब्रून सौस’, म्हणजे तपकिरी सॉस. दुकानात मिळणारा ‘कुलोर’ नावाचा गडद रंग डॅनिश घरांत त्यात थेंबभर घालतात. त्याने चव बदलत नाही, रंग मात्र ओळखीचा होतो.

६. ताटात शेजारी काय हवे

मेडिस्टर चरबीचे असते, म्हणून त्याच्या शेजारी आंबट-गोड काहीतरी असावेच लागते. आपल्या पानात डावीकडे लोणचे, कोशिंबीर आणि लिंबू जे काम करतात, ते येथे लाल कोबी, व्हिनेगरमधले बीट आणि मोहरीचा सॉस करतात. हे सोबतीचे पदार्थ गाळून नुसते सॉसेज आणि बटाटे वाढले, तर पहिल्या चार घासांनंतर जेवण जड वाटू लागते.

लाल कोबी बरणीत तयार मिळतो, पण घरी करणे अवघड नाही. एक किलो कोबी बारीक चिरून लोण्यात किंवा बदकाच्या चरबीत परतावा, त्यात एक डेसिलिटर व्हिनेगर, एक डेसिलिटर करंटचा रस आणि चार-पाच चमचे साखर घालून झाकण ठेवून तासभर मंद आचेवर शिजवावा. व्हिनेगर सुरुवातीलाच घालावे. या कोबीतला रंग आंबटपणात लाल राहतो आणि आंबटपणा नसला तर निळसर होतो. ज्यांनी व्हिनेगर शेवटी घालण्याचे ठरवले, त्यांच्या पातेल्यात तासभर निळी भाजी शिजत राहते.

सोबत साल काढलेले उकडलेले बटाटे. फ्यून बेटावर आणि दक्षिण जटलंडमध्ये नाताळाच्या दिवसांत केल या हिरव्या पालेभाजीची दाट, दुधातली भाजीही मेडिस्टरबरोबर असते. तिला ‘ग्रोनलांगकोल’ म्हणतात, आणि पालकाची ताकातली पातळ भाजी आवडणाऱ्यांना ती आवडेल असे मला वाटते, जरी तिची चव आंबट नसून जायफळाची आणि किंचित गोडसर असते.

७. घरी करायचे असल्यास

दोन-तीनदा विकतचे शिजवून हात बसल्यावरच याकडे वळावे. लागणारे साहित्य असे : ८०० ग्रॅम डुकराच्या मांसाचा जाडसर खिमा, २०० ग्रॅम पाठीची चरबी, दोन मध्यम कांदे, १८ ग्रॅम मीठ, एक लहान चमचा मिरीपूड, एक लहान चमचा ऑलस्पाइसची पूड, पाव चमचा लवंगेची पूड, मांस उकडल्यावर उरलेले, गार केलेले दीड डेसिलिटर पाणी, आणि खाटकाकडून आणलेले खारवलेले आतडे. खिमा करण्याच्या यंत्राला सॉसेज भरण्याची नळी जोडलेली हवी.

आतडे थंड पाण्यात भिजवून, आतूनही पाणी सोडून धुवावे. मांस आणि चरबी फ्रिजमधून काढल्याबरोबर वापरावी. मिश्रण हाताला चिकट लागेपर्यंत मळावे, पण ते गरम होऊ लागले की थांबून पुन्हा फ्रिजमध्ये ठेवावे. चरबी वितळली तर शिजवताना सगळा रस निघून जातो. भरण्याआधी लहानसा गोळा तव्यात शिजवून चव पाहावी, कारण आतड्यात गेल्यावर मीठ वाढवता येत नाही. लवंगेचा हात आखडताच ठेवावा. मसाल्याला सरावलेल्या आपल्या जिभेला पाव चमचा कमी वाटतो, पण अर्धा चमचा घातला की इतर कोणतीच चव उरत नाही. भरताना आतडे गच्च भरू नये, दाबले तर थोडे हलावे एवढी जागा राहू द्यावी. तयार सॉसेज ५ अंशांखाली ठेवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शिजवावे, नाहीतर गोठवून ठेवावे.

८. पाहुणे म्हणून बसाल तेव्हा

डिसेंबरमध्ये कार्यालयात किंवा शेजाऱ्यांकडे ‘यूलेफ्रोकोस्ट’ म्हणजे नाताळाचे जेवण असते, आणि त्यात गरम पदार्थांमध्ये मेडिस्टर बहुधा असतेच. सांगितलेल्या वेळेला पोचावे. भांडी टेबलावरून हातोहात फिरतात आणि एकदा नव्हे, दोनदा फिरतात, म्हणून पहिल्या वेळी थोडेच वाढून घ्यावे. तुम्ही डुकराचे मांस खात नसाल किंवा शाकाहारी असाल, तर आमंत्रण स्वीकारतानाच तसे सांगावे. ऐनवेळी टेबलावर सांगितले की यजमानाला आपण पाहुण्याची सोय करू शकलो नाही याचे वाईट वाटते.

जेवण झाल्यावर ‘टाक फोर मॅड’ असे म्हणतात, म्हणजे अन्नाबद्दल आभार. त्याला यजमान ‘वेलबेकोमे’ असे उत्तर देतो. पुढच्या वेळी भेटल्यावर ‘टाक फोर सिस्ट’, म्हणजे मागच्या भेटीबद्दल आभार, एवढे आठवणीने म्हणावे. मी पहिल्यांदा हे म्हटले तेव्हा आजी दारातच थांबल्या आणि मला पुन्हा म्हणायला लावले.

९. उरलेले मेडिस्टर

उरलेले सॉसेज गार करून, झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन दिवसांत संपवावे. येथे ते बरेचदा पुन्हा गरम न करता खातात. राय धान्याच्या काळ्या पावाच्या एका पातळ फोडीवर लोणी लावून, त्यावर मेडिस्टरचे थंड, तिरपे कापलेले काप मांडतात, वर उरलेला लाल कोबी आणि थोडी मोहरी. पावाची एकच फोड घ्यावी, वर दुसरी ठेवू नये, आणि ती हाताने न उचलता काट्या-सुरीने खावी. ऑलस्पाइसची चव गरम सॉसेजपेक्षा या थंड कापांत अधिक ठळक लागते. म्हणून आमच्या घरी आता अर्ध्या किलोऐवजी पाऊण किलो आणले जाते.